रुईचा टक्का

सातवीच्या विज्ञानात मिश्रणांचा धडा आला की शिक्षक मीठ आणि वाळू घेऊन वर्गात शिरतो. मीठ पाण्यात विरघळवायचं, वाळू गाळून काढायची, पाणी आटवून मीठ परत मिळवायचं. मग लोखंडाचा कीस आणि गंधक एकत्र करून वर चुंबक फिरवायचा. दारव्ह्याच्या शाळेत मीही वर्षानुवर्षं हेच करत आलो. समुद्र आमच्या गावापासून शेकडो कोसांवर, आणि शाळेच्या कुंपणापलीकडे दिवाळीपासून होळीपर्यंत कापसातून सरकी काढायच्या जिनाचा भोंगा वाजायचा. यवतमाळ जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं विलगीकरण त्या भोंग्यावर चालत होतं, पण आम्ही शिकवायचो ते वाळूतलं मीठ काढायला.

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कापूस मिश्रण व्हय का?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. मिश्रणातल्या घटकांचं प्रमाण ठरलेलं नसतं, असं आपण शिकवतो. कापसातही रुई, म्हणजे तंतू, आणि सरकी, म्हणजे बी, यांचं प्रमाण वाणागणिक, वावरागणिक, वेचणीगणिक बदलतं. मिश्रणातले घटक साध्या भौतिक पद्धतीनं वेगळे होतात, कापसातलेही होतात. अडचण एवढीच की हे घटक कोणी मिसळलेलेच नसतात. कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीतून वाढलेली एकच लांबलचक पेशी असते. बोंड फुटेपर्यंत रुई आणि सरकी एकाच अंगाची. मी त्या पोराला सांगितलं, "मिश्रण नाही, पण बाजार त्याला मिश्रणच समजतो." घरी आल्यावर वाटलं, हे वाक्य रसायनशास्त्रापेक्षा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला जास्त लागू पडतं. रुई आणि सरकी वेगळी करायची कोणी, हा प्रश्न गेली दीडशे वर्षं इथल्या कास्तकाराच्या पाठीशी लागलेला आहे.

आधी हे काम घरचं होतं. सरकी काढायच्या जुन्या हत्यारात दोनच भाग असायचे, एक लाकडी लाट आणि तिच्या अंगाला भिडलेली एक लोखंडी सळई. दोन्ही उलट दिशांनी फिरतात, कापूस चिमटीनं तोंडाशी धरला की तंतू पलीकडे ओढले जातात आणि सरकी अलीकडे टपटप पडते. याला कुठं चरकी म्हणत, कुठं रेचा. त्याहून जुनी रीत म्हणजे सपाट दगड आणि लोखंडी कांब. पोळी लाटावी तसा कापूस लाटायचा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत असं एकलाटी हत्यार दिसतं, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे ही विद्या निदान पाचव्या शतकाइतकी जुनी. माझ्या आजीच्या काळात रेचा घरातून गेलेला होता, तरी देवाच्या वातींचा आणि गादीचा कापूस ती बोटांनीच सोलायची. जिनातली रुई तिला चालत नसे. का, तर "त्यात कोणाकोणाची सरकी पिसली असंल, काय सांगावं!"

आजीचा आक्षेप सोवळ्याचा होता, पण त्यात शेतीची एक खरी गोष्ट दडलेली होती. घरी रेचाई करणाऱ्याच्या हातात दोन्ही जिन्नस राहायचे. रुई विणकराला किंवा व्यापाऱ्याला जायची. सरकी बैलाला जायची, आणि त्यातली निवडक पुढच्या मिरगासाठी बियाणं म्हणून मडक्यात. पेरणीआधी ती शेणमातीत चोळायची, म्हणजे अंगावरची लव बसते आणि दाणा दाण्याला चिकटत नाही. आपलं बी, आपल्याच वावरातलं, आपल्या डोळ्यांनी निवडलेलं.

हे काम घरातून काढून नेणारं यंत्र आलं, त्या काळातला एक माणूस रसायनाच्या पुस्तकात भेटतो, अंत्वान लाव्हाझिए. १७८९ साली त्यानं मूलद्रव्यांची यादी छापली, तीत ३३ नावं होती आणि त्यांत प्रकाश आणि उष्णता हीसुद्धा होती. पदार्थ आणखी फोडता येत नाही तिथं थांबा आणि त्याला मूलद्रव्य म्हणा, हा त्याचा नियम. ८ मे १७९४ रोजी पॅरिसमध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं, ते रसायनासाठी नव्हे, तर राजासाठी करवसुली करणाऱ्या मंडळींत त्याची भागीदारी होती म्हणून. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, १४ मार्च १७९४ रोजी, अमेरिकेत एली व्हिटनी नावाच्या तरुणाला सरकी काढायच्या यंत्राचं पेटंट मिळालं. एकाला पाठ्यपुस्तकात जागा मिळाली आणि दुसऱ्याचं नाव आमच्या धड्यात येतही नाही. वऱ्हाडावर परिणाम मात्र दुसऱ्याचा जास्त झाला.

व्हिटनीच्या यंत्रात तारेचे, पुढे करवतीचे दाते होते. ते तंतू ओरबाडून जाळीतून पलीकडे नेत, सरकी जाळीत अडकून अलीकडे राही. यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचं पीक अफाट वाढलं, आणि त्याबरोबर गुलामांची संख्याही. सरकी काढायचं कष्टाचं काम यंत्रानं घेतलं आणि वेचायच्या कामाला आणखी माणसं विकत घेतली गेली. ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं, आपणही हिंदुस्थानात हेच करावं. १८४० साली दहा अमेरिकी कापूसवाले इकडे आणले गेले. धारवाडकडे, जिथं अमेरिकी बियाणं रुजलं, तिथं करवतीचं यंत्र थोडंफार चाललं. आपल्या देशी कापसाचा धागा आखूड. करवत त्याचे तुकडे करी. शेवटी इकडे टिकलं ते दुसरंच यंत्र. १८४० सालीच अलाबामातल्या फोन्स मॅकार्थी यानं लाटेचं यंत्र काढलं होतं, म्हणजे तत्त्व आपल्या रेच्याचंच. कातडं चढवलेली लाट फिरते, तिला चिकटून एक स्थिर पातं, आणि शेजारी खालीवर हलणारं दुसरं. खरबरीत कातडं तंतू धरून पात्याखालून ओढतं, सरकी पात्याखालून जाऊ शकत नाही, हलतं पातं तिला ठोसा मारतं आणि ती खाली पडते. लँकेशायरमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी अशी यंत्रं बनवून जगभर पाठवली. आज आपल्याकडच्या जिनांत दोन लाटांचे रेचे चालतात, ते याच कुळातले. गावात अजूनही त्या यंत्राला रेचाच म्हणतात.

वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. आठ वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडली आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे सगळ्यांचं लक्ष एकदम गेलं. १८६१ ते १८६५ या वर्षांत इथं कापसाला आला तसा भाव आधी कोणी पाहिला नव्हता. सरकारनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्तच नेमला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक त्याचं नाव. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. आपला जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई, कचेरी मात्र यवतमाळला. 'यवतमाळ जिल्हा' हे नाव आणि पुसद तालुका दोन्ही १९०५ साली मिळाले. ही मुख्य रेल्वे यवतमाळला शिवली नाही. आमचं स्टेशन म्हणजे धामणगाव, सुमारे २९ मैलांवर. बैलबंड्यांच्या रांगा तिकडे जायच्या.

आता हिशेब बघा, कारण पुढचं सगळं या हिशेबावर उभं आहे. शंभर किलो कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, ६३-६४ किलो सरकी, बाकी धूळ, पत्ती आणि घट. कापूस तसाच स्टेशनावर न्यायचा म्हणजे दोन तृतीयांश सरकी बैलांनी उगाच ओढायची. म्हणून जिन पिकाजवळ आला. पण सुटी रुई फुगते, डबा भरतो आणि वजन भरत नाही. म्हणून जिनाशेजारी प्रेस आली. दाबलेली गाठ जुन्या मापानं ३९२ पौंडांची, दोन गाठींची मुंबईची एक खंडी, ७८४ पौंड. आता गाठ १७० किलोची असते, तरी रुईचा भाव व्यापारी आजही खंडीवरच बोलतात. दारव्ह्यावरून धावायची ती मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी रेल्वे, आपली 'शकुंतला', हीसुद्धा याच गाठींसाठी टाकलेली. किलिक निक्सन कंपनीनं १९१० साली त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत धावलं. कापूस मँचेस्टरला गेला आणि इंजिन मँचेस्टरहून आलं, एवढा तरी परतावा मिळाला म्हणायचा.

जिन आला तशी घरची रेचाई संपली. फायदा उघड होता: बायकांची बोटं सुटली, पैसा लवकर हातात आला. तोटा उशिरा दिसला. कास्तकार आता रुई विकत नव्हता, सरकीही विकत नव्हता. तो अख्खा कापूस विकत होता. वेगळं करणाऱ्याच्या हाती दोन माल, पिकवणाऱ्याच्या हाती एकच, आणि त्यातला किती कुठला हे त्याला कळायचा मार्ग बंद.

आणि बी? जिनात पन्नास वावरांचा कापूस एका गंजीत पडतो. त्यातून निघणारी सरकीही पन्नास वावरांची. पुढच्या वर्षी पेरायला कास्तकार त्याच ढिगातून पोतं आणू लागला. वेगळं करायला आणलेल्या यंत्रानंच बियाण्याचं पक्कं मिश्रण करून टाकलं. वऱ्हाडात पूर्वी 'बनी' नावाचा मऊ, लांब धाग्याचा कापूस होता, हिंगणघाटच्या नावानं तो विलायतेपर्यंत गाजलेला. त्याला जिनातल्या ढिगानं मारलं आणि टक्क्यानंही मारलं. बनीतून शंभराला तिशीच्या आतच रुई निघायची. जाड्याभरड्या, आखूड धाग्याच्या जातींतून जास्त निघे, आणि पुढे पांढऱ्या फुलाच्या रोझियम जातीतून तर चाळिशीच्या आसपास. पीकही ती जास्त देई आणि पाऊसपाण्याला दमदार. मऊपणासाठी बाजार जे जास्तीचे पैसे देई, ते टक्क्याची तूट भरून काढायला पुरेसे नव्हते. शेवटी कृषी खात्यानंसुद्धा रोझियमचीच शिफारस केली. इंग्रजांनी आपला चांगला कापूस बुडवला असं आपल्याकडे सरसकट म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. बनी सोडली ती कास्तकारानं, आणि त्याचा हिशेब चुकलेला नव्हता.

मिसळण्याची दुसरी तऱ्हा मात्र सरळ लबाडीची. रुईत पाणी मारा, वजन वाढतं. सरकी राहू द्या, माती राहू द्या, हलकी रुई भारीत घाला. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस 'ऊमरा' या नावानं विकला जाई, उमरावतीवरून पडलेलं नाव. आणि भेसळीसाठी हिंदुस्थानी कापसाची लिव्हरपूलमध्ये चांगलीच अपकीर्ती होती. १८६३ साली मुंबई सरकारनं कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदा केला. वऱ्हाडात १८८६ साली कारंजाला देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ सुरू झाली. कारंजा आता वाशीम जिल्ह्यात आहे, पण दारव्ह्याहून शकुंतलेच्या वाटेवरच. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. १९२३ च्या कायद्यानं हलका कापूस भारी कापसाच्या मुलखात न्यायला बंदी घालता येऊ लागली. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं प्रत्येक गाठीवर प्रेसचं चिन्ह आणि अनुक्रमांक घालणं सक्तीचं झालं, म्हणजे मिसळणारा कोण हे गाठ फोडल्यावर कळावं. या सगळ्या कायद्यांचं वाचन मला नेहमी मिश्रणाच्या धड्यासारखं वाटतं. फरक असा की हे कायदे राखत होते विकत घेणाऱ्याला. कास्तकाराच्या कापसात रुई किती, हे त्याला मोजून सांगा, असं त्यातल्या कशानं बजावलं नाही.

माझे बाबा एका जिनात फिटर होते. हंगामात ते घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. लाटेवरचं कातडं झिजलं की त्याला पुन्हा खाचा पाडायच्या, पात्याचं अंतर बघायचं, हे त्यांचं काम. अंतर जास्त झालं तर सरकी फुटून रुईत जाते, कमी झालं तर रुई सरकीवर राहते आणि मालक ओरडतो. कापूस ओला असला तर रेचा कोंदतो, फार वाळला तर धागा तुटतो. कान देऊन ऐकलं की रेचा काय खातोय ते कळतं, असं ते म्हणत. त्या काळी रेच्यात कापूस हातानं घालायचा. एका रेच्यापाशी एक बाई, आणि अशा रेच्यांची लांबच लांब ओळ. धुळीनं माखलेल्या त्या खोलीत बोलणं ऐकू येत नसे. बाया खुणांनी बोलायच्या. अंगणात दुसऱ्या बाया कवडी निवडायच्या, म्हणजे किडका, पिवळा, न उमललेला कापूस हातानं बाजूला काढायच्या. आत पंख्याच्या हवेनं हलकी पत्ती उडवली जाई, जाळीतून माती गळे, आणि वाटेत चुंबक बसवलेला असे, कारण खिळा किंवा बंडीचा नटबोल्ट रेच्यात गेला तर ठिणगी पडून अख्खा जिन पेटतो. वेचणे, पाखडणे, चाळणे, चुंबक. धड्यातल्या पद्धती ओळीनं एका छपराखाली. मीठ विरघळवायची गरजच नव्हती.

मिठावरून एक आठवलं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात समुद्र नसलेल्या वऱ्हाडानं दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून मीठ केलं. आमच्या जिल्ह्यात तीही सोय नव्हती, म्हणून वणीच्या लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलैला पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. बाष्पीभवन शिकवताना मी दहीहंडा सांगायचो, पोरांना ते दांडीपेक्षा जवळचं वाटे.

सरकीची गोष्टही जिनात संपत नाही. ती घाणीवर जाते, तेल आणि ढेप वेगळी होतात. कच्चं तेल तांबूस-काळपट असतं, कारण त्यात गॉसिपोल नावाचं रंगीत आणि विषारी द्रव्य असतं. ते घालवायला कॉस्टिक सोडा वापरावा लागतो. इथं पाखडणं-गाळणं पुरत नाही, रासायनिक अभिक्रिया करावी लागते. भौतिक कुठं संपतं आणि रासायनिक कुठं सुरू होतं, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. तेलाचा पैसा तेलवाल्याला. ढेप कास्तकार विकत आणतो, आपल्याच सरकीची, आपल्याच बैलासाठी.

हे उलटवायचे प्रयत्न झाले. शेजारच्या वर्ध्याला गांधीजींचा आग्रह होता की सूत कातणाऱ्यानं सरकीही स्वतः काढावी. १९३८ साली उघडलेल्या मगन संग्रहालयात जाल तर त्या काळची हत्यारं दिसतील. बाजाराला ते झेपणारं नव्हतं. १९७२ साली राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. कापूस फक्त पणन महासंघाला विकायचा, महासंघ जिनातून रुई काढणार, रुई विकून नफा झाला तर कास्तकाराला वाटणार. कल्पना माझ्या मते चोख होती: वेगळं करण्यातला पैसा पिकवणाऱ्याकडे परत आणणं. प्रत्यक्षात ग्रेडर बंडीत हात घालून मूठभर कापूस काढायचा, डोळ्यांसमोर धरायचा आणि दर्जा सांगायचा. पदार्थाचं वर्गीकरण एका मुठीवर. त्या मुठीवरून केंद्रावर किती भांडणं झाली याची मोजदाद नाही. चुकाऱ्याला उशीर, शेजारच्या राज्यांत चोरून जाणारा कापूस, वाढता तोटा, असं करत योजना ढिली पडली आणि २००२ पासून खासगी खरेदी खुली झाली.

२००० साली केंद्रानं कापूस तंत्रज्ञान अभियान काढलं. त्यानंतर जिन बदलले. कापूस नळीतून ओढला जातो, रेच्यात आपोआप पडतो, ओळीनं उभ्या असलेल्या बाया गेल्या. लाटेच्या क्रोम कातड्यातलं क्रोमियम रुईत आणि धुळीत उतरतं हे लक्षात आल्यावर मुंबईच्या माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेनं रबर-कापडाच्या चकत्या काढल्या. ही प्रयोगशाळा १९२४ पासूनची. नवी भेसळ मात्र प्लास्टिकची आहे. खताच्या पोत्याचे धागे, गुटख्याच्या पुड्या. चुंबकाला ते सापडत नाहीत आणि पंख्याला उडवता येत नाहीत.

आज सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा यंत्रानं मोजतात, आठ टक्क्यांवर गेला की कपात, बाराच्या वर गेला की माल परत. धाग्याची लांबी पाहतात, जाडी पाहतात. खासगी खरेदीदार तर आधी रुईचा टक्का काढतो. त्याच्याकडे त्यासाठी टेबलावर मावणारा छोटा रेचा असतो. त्याला शंभरात ३३ आहेत की ३६ हे ठाऊक असतं. विकणाऱ्याला नसतं.

म्हणून विज्ञानाच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे. मिश्रणाचा धडा वर्षाच्या सुरुवातीला संपवू नका, दिवाळीनंतर घ्या. वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी घरी आलेली असते तेव्हा प्रत्येक पोराला आपल्या वावरातला शंभर ग्रॅम कापूस आणायला सांगा. शाळेतल्या तराजूवर तो तोला, सरकी बोटांनी सोला, रुई आणि सरकी वेगळी तोला आणि आलेला टक्का गावाच्या, वाणाच्या नावासह फळ्यावर लिहा. ज्या घरचं पोर तो आकडा घरी नेईल, त्या घरच्या बापानं कापूस विकायला जाताना तो खिशात ठेवावा. भाव ठरवताना निदान एक प्रश्न त्याला विचारता येईल.